प्राण्यांच्या दवाखान्यात केमोचे इंजेक्शन भरताना स्वतःला कसे जपावे?

टिळकवाडीची सहायक (प्रश्न)

नमस्कार. बेळगावातील पाळीव प्राण्यांच्या एका खासगी दवाखान्यात मी चार वर्षांपासून सहायक म्हणून काम करते. सुरुवातीला लसीकरण, जखमा आणि गोचीडताप एवढ्यातच आमचा दिवस संपत असे. गेल्या दीड वर्षात मात्र कर्करोगाचे रुग्ण बरेच वाढले आहेत. भटक्या कुत्र्यांची काळजी घेणारी तरुण मुले टीव्हीटीची (कुत्र्याकुत्र्यांत समागमातून पसरणाऱ्या कर्करोगाची) कुत्री घेऊन येतात, म्हणजे जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त ठिबकणारी गाठ झालेली. त्यांना आम्ही दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन हे केमोचे, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध देतो. शिवाय लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) दोन पाळीव कुत्री सध्या उपचाराखाली आहेत आणि त्यांच्यासाठी डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड ही केमोचीच औषधे वापरली जातात.

गेल्या मंगळवारचा प्रसंग सांगते. डॉक्टरांनी लॅब्राडोरसाठी डॉक्सोरुबिसिन सिरिंजमध्ये ओढले आणि नेहमीच्या सवयीने सिरिंज उभी धरून, सुईच्या टोकातून दोन थेंब उडवून हवा काढली. औषध लालभडक असल्यामुळेच ते थेंब मला दिसले. एक टेबलाच्या पत्र्यावर पडला आणि दुसरा माझ्या मनगटावर, हातमोजा संपून बाही सुरू होण्याआधी जी दोन बोटे कातडी उघडी राहते तिथे. मी सॅनिटायझर लावून तो पुसला. मावशींनी ओल्या फडक्याने टेबल पुसले आणि तेच फडके बादलीत पिळून पुढे बाकापर्यंतची फरशी पुसून काढली. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे: व्हिन्क्रिस्टिन तर पाण्यासारखे रंगहीन असते, मग त्याचे असे किती थेंब आजवर आमच्या कुणाला न दिसता उडाले असतील?

आमचे डॉक्टर मनाने चांगले आहेत आणि रुग्णाच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहेत. पण मी विषय काढला तेव्हा ‘एवढ्याशा थेंबाने काय होते’ असे म्हणून त्यांनी तो हसण्यावारी नेला. औषध ओपीडीच्या कोपऱ्यात, पंख्याखाली भरले जाते. अर्धी उरलेली बाटली लसींच्या फ्रिजमध्ये, माझ्या ताकाच्या बाटलीशेजारी ठेवली जाते. माझे लग्न गेल्या वर्षी झाले असून आम्ही दोघे आता मुलाचा विचार करत आहोत, हेही इथे सांगायला हवे. लहान दवाखान्याला परवडेल अशी कोणती काळजी घेता येते आणि ती डॉक्टरांना कोणत्या शब्दांत पटवावी, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निपाणीचा पशुवैद्य

ताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. तुमच्या लिखाणात ज्या गोष्टी ओझरत्या आल्या आहेत, म्हणजे पंखा, सॅनिटायझर, अर्धी बाटली आणि मावशींचे फडके, त्यांतच खरा धोका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी हवा काढण्याची सवय. कोणतेही इंजेक्शन भरताना जितके औषध ओढायचे तितकी हवा आधी बाटलीत ढकलावी, असे आपल्या सर्वांच्या हाताला वळण लागलेले असते. त्यामुळे बाटलीतला दाब वाढतो आणि सुई बाहेर येताना रबराच्या भोकातून औषधाचा डोळ्यांना न दिसणारा फवारा उडतो. केमोच्या औषधाला याच्या उलट करावे लागते. हव्या असलेल्या औषधापेक्षा कमी हवा सिरिंजमध्ये घ्यावी, ती थोडी आत द्यावी, थोडे औषध ओढावे, पुन्हा थोडी हवा द्यावी. असे करत गेल्यास बाटलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो आणि सुई काढताना औषध बाहेर उडण्याऐवजी हवा आत ओढली जाते. सिरिंजमध्ये राहिलेला बुडबुडा सुई बाटलीतच असताना बाटलीत परत सोडायचा असतो, खोलीत नव्हे. सलाईनच्या नळीतील हवाही औषध मिसळण्याआधी, निव्वळ सलाईन सोडून काढून घ्यावी. या सगळ्याला एक पैसाही लागत नाही. घरी दोन दिवस साध्या पाण्यावर सराव केला, तरी हाताला सवय होते. पाण्यात लाल शाई घालून आणि खाली पांढरा कागद अंथरून हा सराव केला, तर आपण किती थेंब उडवतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते; तुमच्या डॉक्टरांना पटवण्यासाठी याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

सिरिंज फिरवून घट्ट बसणारी, म्हणजे ल्युअर-लॉकची घ्यावी आणि ती पाऊण भागापेक्षा जास्त भरू नये, कारण काठोकाठ भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या मागून निसटू शकतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी टीव्हीटीच्या एका गावठी कुत्र्याला औषध देताना त्याने ऐन वेळी पाय झटकला, साध्या तोंडाची सिरिंज सुईपासून सुटली आणि औषधाचा फवारा कुत्र्याला धरून बसलेल्या मुलाच्या गालावर व पापणीवर उडाला. आम्ही त्याचा डोळा पंधरा मिनिटे सलाईनने धुतला आणि सुदैवाने पुढे काही झाले नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली: इंजेक्शन देणाऱ्याचे तोंड सुईपासून फूटभर दूर असते, तर कुत्रा धरणाऱ्याचे तोंड थेट सुईच्या उंचीवर असते, आणि चष्मा घालायचा तो बहुधा देणाराच घालतो. तेव्हापासून आमच्याकडे कुत्र्याला आधी मुसके बांधतो, एका प्रयत्नात शीर सापडेल असे पाहून कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) बसवतो, ती सलाईनने तपासतो आणि मगच औषध जोडतो. धरणाऱ्यालाही चष्मा, मास्क आणि हातमोजे देतो. गरज वाटल्यास गुंगीचे औषध देण्यात कमीपणा मानू नये.

हातमोज्यांबद्दल. पावडर नसलेले नायट्राइलचे, आणि शक्य असल्यास पाकिटावर ‘एएसटीएम डी ६९७८’ असा उल्लेख असलेले घ्यावेत, कारण केमोच्या औषधांसाठी हातमोजे तपासण्याची ती चाचणी आहे. पातळ पारदर्शक व्हिनाइलचे हातमोजे या कामाला निरुपयोगी आहेत. एकावर एक असे दोन जोड घालावेत, आतला गाऊनच्या बाहीखाली आणि बाहेरचा बाहीवर. असे केले असते तर तुमच्या मनगटाची ती दोन बोटांची पट्टी उघडी राहिली नसती. अर्ध्या तासाने, किंवा फाटल्याची वा औषध लागल्याची नुसती शंका आली तरी लगेच, ते बदलावेत. गाऊन पुढून बंद, लांब बाहीचा, मनगटाशी इलॅस्टिक असलेला आणि पाणी न झिरपणारा असावा. कापडी ॲप्रनने फक्त मन राखले जाते. तो औषध शोषून घेतो आणि आपण तोच अंगावर घेऊन घरी जातो. कापडी किंवा सर्जिकल मास्कही फवाऱ्याला अडवत नाही. निदान एन-९५ असावा.

जागेचे म्हणाल, तर ही औषधे भरण्यासाठी बाहेर हवा सोडणारे सुरक्षा-कपाट असावे, असा आदर्श आहे आणि तो योग्यच आहे. शिवाय बाटलीपासून सिरिंजपर्यंत औषध बंदिस्त ठेवणारी जोडसाधने बाजारात मिळतात. आठवड्याला दोन कुत्री पाहणाऱ्या दवाखान्याला कपाट परवडणार नाही, हे मी मान्य करतो. पण म्हणून काहीच करायचे नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे. दार बंद होणारी, वर्दळ नसलेली एक लहान खोली ठरवावी, पंखा आणि एसी बंद ठेवावा, टेबलावर खालून प्लास्टिक असलेला शोषक कागद अंथरावा आणि त्या वेळेत तिथे दोनच माणसे असावीत. जोडसाधन मात्र परवडू लागताच पहिले घ्यावे. एक इशारा: काही प्रयोगशाळांत काम करणाऱ्याच्या तोंडाकडे हवा फेकणारे आडव्या झोताचे लॅमिनार टेबल असते. ते स्वस्तात जुने मिळाले तरी आणू नये. त्यात औषध स्वच्छ राहते आणि माणूस बाधित होतो.

अर्ध्या बाटलीचा प्रश्न वेळापत्रकानेच सुटतो. टीव्हीटीच्या सगळ्या कुत्र्यांना आठवड्यातला एकच वार दिला, तर बाटली एकदाच उघडते आणि त्याच बैठकीत संपते. रबरात सुई तशीच खुपसून, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली बाटली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. ती कुठे, ते विचारू नये. न उघडलेल्या व्हिन्क्रिस्टिनला २ ते ८ अंश तापमान व अंधार लागतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे भागच आहे. पण झाकणाच्या वेगळ्या डब्यात, वर ठळक चिठ्ठी लावून ठेवावे. ताक मात्र दुसऱ्या फ्रिजमध्ये न्यावे.

जाता जाता एक सांगतो. हे व्हिन्क्रिस्टिन मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढतात आणि १९६३ सालापासून ते माणसांच्या उपचारात वापरले जात आहे. आमच्याकडे येणारे काही मालक हे ऐकून ‘म्हणजे आयुर्वेदिकच की’ असे म्हणतात आणि निश्चिंत होतात. पेशीचे विभाजन मध्येच थांबवणारे ते विष आहे आणि शिरेबाहेर गेल्यास तिथली कातडी सडवते. ते फुलातून आले, म्हणून त्याचा हा गुण बदलत नाही.

जुना सभासद, चिकोडी

वरील प्रतिसाद वाचून नवशिक्या मंडळी घाबरून जातील, असे वाटते. वीस किलोच्या कुत्र्याला व्हिन्क्रिस्टिन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लागते. त्यातला एखादा थेंब बोटाला लागला, तर शरीरात जाणार तो किती? मी वीस वर्षे साध्या हातमोज्यांनी, आणि खरे सांगायचे तर कित्येकदा त्यांच्याविना, ही इंजेक्शने दिली आहेत व माझी प्रकृती ठणठणीत आहे. खेड्यापाड्यातील डॉक्टरांनी कपाटे आणि गाऊन यांचा हिशेब मांडत बसायचे ठरवले, तर भटक्या कुत्र्यांवर उपचारच होणार नाहीत आणि टीव्हीटी गल्लोगल्ली पसरेल. व्यवहार पाहावा, एवढेच म्हणणे आहे.

डे-केअरची परिचारिका, बेळगाव

मी माणसांच्या कर्करोग विभागात, केमो देणाऱ्या डे-केअरमध्ये काम करते. चिकोडीच्या सरांचा अनुभव मोठा आहे आणि उपचार थांबू नयेत, हा त्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यांनी मांडलेल्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे. कुत्र्याला चार-सहा मात्रा मिळतात, त्याचा आजार बरा होतो आणि विषय संपतो. देणाऱ्याला त्या औषधाचा काडीचाही उपयोग नसतो आणि ते त्याच्या अंगावर वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडे, थेंबाथेंबाने येत राहते. एक थेंब किती, हे मोजून भागत नाही. वीस वर्षांचे थेंब मोजावे लागतात. त्यातही व्हिन्क्रिस्टिन एकटे नसते, ज्या टेबलावर ते भरले जाते तिथेच उद्या सायक्लोफॉस्फमाइड येते.

हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो १९७९ साली. केमोची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींच्या जनुकांत बदल घडवू शकणारे घटक आढळल्याचे फिनलंडमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले. त्या परिचारिका आजारी नव्हत्या, ठणठणीतच होत्या. पुढे अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २००४ साली सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी इशारा व धोकादायक औषधांची यादी प्रसिद्ध केली आणि २०१० साली केवळ पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सूचना-पत्रिका काढली. प्राण्यांच्या अंतर्गत वैद्यकातील अमेरिकी तज्ज्ञांच्या संघटनेचे या विषयावरील सहमतीपत्रही २०१८ साली आले आहे. म्हणजे ही काळजी माणसांच्या मोठ्या रुग्णालयांपुरती आहे, असे म्हणता येत नाही.

सगळी औषधे सारखीच वाईट नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फमाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले आहे, डॉक्सोरुबिसिनला बहुधा घडवणाऱ्या, म्हणजे २-अ गटात, आणि व्हिन्क्रिस्टिनला पुराव्याअभावी वर्गवारी न झालेल्या तिसऱ्या गटात. म्हणून व्हिन्क्रिस्टिन निर्धोक ठरते काय? मुळीच नाही, गर्भाला, डोळ्याला आणि कातडीला ते घातकच आहे. पण ज्याची भीती कमी वाटते ती सायक्लोफॉस्फमाइडची गोळीच या तिघांत कर्करोगाच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता ताईंसाठी. मूल होऊ देण्याचा विचार सुरू झाला, त्या दिवसापासूनच तुम्ही औषध भरणे, देणे आणि त्या प्राण्यांची घाण काढणे यांतून बाजूला व्हावे, गर्भ राहिल्यावर नव्हे. कारण पहिले काही आठवडे आपल्याला कळतही नाही आणि गर्भाचे अवयव घडण्याचा काळ नेमका तोच असतो. या औषधांच्या संपर्काचा गर्भपात व जन्मजात दोष यांच्याशी संबंध आढळलेला आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू आहे, आणि बीजावर परिणाम होऊ शकत असल्याने मूल हवे असलेल्या पुरुष सहकाऱ्यांनाही. डॉक्टरांकडे हे तक्रारीच्या सुरात न मांडता कामाच्या वाटणीचा प्रश्न म्हणून मांडावे: केमोच्या दिवशी तुम्ही नोंदणी, लसीकरण आणि रक्ततपासणी सांभाळाल, तेवढा वेळ दुसरे कुणीतरी आत जाईल. लेखी द्यावे. तोंडी विनंती आठवडाभरात विसरली जाते, असा माझा अनुभव आहे.

सॅनिटायझर या कामात वापरू नये. अल्कोहोलने ही औषधे नष्ट होत नाहीत. ती पातळ होऊन कातडीवर जास्त जागी पसरतात. साबण आणि भरपूर वाहते पाणी हाच उपाय आहे, आणि हातमोजे काढल्यानंतर प्रत्येक वेळी हात धुवावेत. टेबलावर वा फरशीवर थेंब सांडला, तर आधी माणसे बाजूला करावीत, दोन जोड हातमोजे, गाऊन व मास्क घालावा, शोषक कागद अलगद वर ठेवून औषध टिपावे आणि मग बाहेरच्या कडेकडून मध्याकडे साबणाच्या पाण्याने तीनदा व शेवटी साध्या पाण्याने पुसावे. मध्यातून बाहेर पुसले, तर आपणच त्याला वाट करून देतो. कोरडे झाडू नये. वापरलेले प्रत्येक फडके कचऱ्यात जावे, बादलीत परत जाऊ नये. एवढे सामान एका डब्यात आधीच भरून भिंतीवर टांगून ठेवावे. सांडल्यावर शोधाशोध करण्यात पाच मिनिटे जातात आणि तेवढ्यात कुणाची तरी चप्पल त्यावर पडते.

आणि मावशी. आमच्याकडे दर वर्षी प्रशिक्षण होते, त्याला डॉक्टर येतात, आम्ही येतो. सफाई करणाऱ्या बायका मात्र पहिली काही वर्षे कधीच नव्हत्या. औषधाशी सर्वांत जास्त वेळ त्यांचाच हात लागतो आणि बाटलीवर इंग्रजीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नाही. तुमच्या मावशी मराठी वाचतात की कन्नड, ते विचारून त्या भाषेत सूचना लिहावी.

लॅब्राडोरवाले काका, खानापूर

आमच्या नऊ वर्षांच्या कुत्रीला लिम्फोमा आहे आणि तिच्या सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या आम्ही घरी देतो. पहिल्या वेळी मी सुरीने गोळीचे दोन तुकडे केले, कारण मात्रा तशीच बसत होती. परिचारिका ताईंचा प्रतिसाद वाचून आता अंगावर काटा आला. त्याच सुरीने संध्याकाळी कांदा चिरला होता. डॉक्टरांनी हे सांगायला हवे होते, असे वाटते. घरात चार वर्षांचा नातू आहे आणि कुत्री अंगणात, तुळशीकट्ट्याच्या जवळच लघवीला बसते. काय करावे?

निपाणीचा पशुवैद्य

काका, गोळी कधीही तोडू, कुटू किंवा पाण्यात विरघळवू नये, कारण वरचे आवरण हेच आपले संरक्षण असते आणि ते फुटले की भुकटी उडते. मात्रा गोळीत बसत नसेल, तर डॉक्टरांना पूर्ण गोळ्यांचे वेळापत्रक बसवून मागावे. आठवड्याची एकूण मात्रा तीच ठेवून ते करता येते. हातमोजा घालून गोळी पेढ्यात किंवा चपातीच्या तुकड्यात ठेवावी, गिळली की नाही ते पाहावे आणि थुंकलेली गोळी उघड्या हाताने उचलू नये. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात नको, कुलपात हवा. ती सुरी टाकून द्यावी.

औषध दिल्यानंतर निदान ७२ तास लघवी, शी, उलटी आणि लाळ या सर्वांत औषध आहे असे समजून वागावे. काही औषधांचा अंश त्यानंतरही निघत राहतो, म्हणून शंका असल्यास दिवस वाढवावेत, कमी करू नयेत. कुत्रीला मुले खेळत नाहीत अशा एका ठरावीक कोपऱ्यात दोरी बांधून न्यावे, तुळस आणि विहीर या दोन्हींपासून लांब. तिथे लगेच तांब्या-दोन तांबे पाणी हलक्या हाताने ओतावे. पाइपचा जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने औषध पुन्हा हवेत उडते. दवाखान्यातील पिंजरे धुतानाही हेच लक्षात ठेवावे. शी हातमोजा घालून दोन पिशव्यांत बांधावी. अंथरूण इतर कपड्यांबरोबर न धुता वेगळे, दोनदा धुवावे. नातवाने तिला कुरवाळायला काही हरकत नाही. तेवढे दिवस तोंड चाटू देऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घाबरून तिला बाहेर बांधून ठेवू नका, तिला तुमची गरज आहे.

अथणी भागातील सरकारी पशुवैद्य

इथे सगळी चर्चा कुत्र्यांची चालली आहे, म्हणून आमच्या बाजूचे थोडे लिहितो. कृष्णाकाठच्या या भागात खिलार बैल अजून बरेच आहेत आणि वयस्क, कामाच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. बैल डोके एका बाजूला कलते धरतो, शिंग खांबावर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंग बुडापासून काढतात आणि त्यानंतर काही डॉक्टर व्हिन्क्रिस्टिन देतात. कुत्र्याला एक बाटली पुरत असेल, तर बैलाला अनेक बाटल्या लागतात, आणि त्या गोठ्यात, वाऱ्यावर, ट्रॅक्टरच्या टायरवर पेटी ठेवून फोडल्या जातात. संपर्क अनेक पटींनी वाढतो तो इथे. मी सर्व औषध दवाखान्यातील बंद खोलीत भरतो, ल्युअर-लॉक सिरिंजला टोपी लावून ती चिठ्ठी लावलेल्या बंद डब्यातून नेतो आणि गोठ्यात फक्त कॅन्युलाला जोडतो. बैल खोड्यात घातल्याशिवाय हात लावत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की आपल्याकडे बैलाची घाण ही घाण मानली जात नाही. गोमूत्र धरून ठेवतात, शिंपडतात, काही जण घेतातही. शेणाने अंगण सारवतात, गोवऱ्या थापतात, जीवामृत करतात. व्हिन्क्रिस्टिनचा मोठा भाग पित्तावाटे शेणातूनच बाहेर पडतो. उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण-मूत्र यातल्या कशासाठीही वापरू नये, ते वेगळ्या खड्ड्यात टाकून मातीने झाकावे आणि हात लावणाऱ्या बाईमाणसांना हातमोजे द्यावेत, हे मी घरच्या कर्त्याला सांगत नाही, गोठा काढणाऱ्या बाईला बोलावून तिच्यासमोर सांगतो. दुभत्या गाईला हे औषध देऊ नये, असे माझे मत आहे; द्यावेच लागले तर तिचे दूध ना माणसाने प्यावे, ना वासराने, ना ते डेअरीला घालावे.

औषध दुकानदार, शहापूर

कचऱ्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार केमोची औषधे आणि त्यांनी बाधित झालेली प्रत्येक वस्तू, मग ती बाटली असो, सिरिंज असो वा हातमोजा, सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) असे चिन्ह लावलेल्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात जाते. नेहमीच्या काचेच्या बाटल्या निळ्यात टाकण्याची सवय असते, तिथे गल्लत होते. सुया न वाकवता, टोपी परत न लावता, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकून तो डबा त्या पिवळ्या पिशवीत घालावा. हा कचरा पुरवठादाराकडे परत जातो किंवा सामायिक प्रक्रिया केंद्रात १२०० अंशांहून अधिक तापमानाला जाळला जातो. परसात पालापाचोळ्याबरोबर हातमोजे जाळण्याची पद्धत मी पाहिली आहे. त्या आगीला तेवढे तापमान कधीच येत नाही, औषध धुरावाटे शेजाऱ्याच्या घरात जाते. याच नियमांत कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने देणे, रुजू होताना व त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे आणि दरवर्षी आरोग्य तपासणी करणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी ठरवलेली आहे. ताईंनी डॉक्टरांना पटवताना हा मुद्दा शेवटी काढावा, आधी नको. कायद्याने सुरुवात केली की माणूस बचावाला उभा राहतो.

टिळकवाडीची सहायक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मध्ये बरेच घडले. निपाणीच्या डॉक्टरसाहेबांनी सुचवलेला लाल शाईचा प्रयोग मी केला, आणि डॉक्टरांना काही न बोलता फक्त म्हटले, ‘सर, एकदा नेहमीसारखे भरून दाखवा.’ पांढऱ्या कागदावर अकरा ठिपके पडले. एक त्यांच्या चष्म्यावर होता. त्यांनी चष्मा काढून तो बराच वेळ पाहिला, आणि ल्युअर-लॉक सिरिंज व नायट्राइल हातमोज्यांची मागणी त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या घाऊक विक्रेत्याकडे गेली.

टीव्हीटीचा वार आता गुरुवार ठरला आहे. त्या दिवशी मी बाहेरच्या टेबलावर असते. तसे लेखी दिले आणि त्यांनी सही केली. मावशींना कन्नड वाचता येते, मराठी नाही, हे मला चार वर्षांत पहिल्यांदाच कळले. सूचना त्यांच्याच मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून दिली आहे. त्यांनी मात्र मला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला देता आले नाही: आतली खोली म्हणून आम्ही जे कोठार निवडले आहे, त्याला खिडकी नाही, फक्त एक एक्झॉस्ट पंखा आहे आणि तो मागच्या बोळात उघडतो. औषध भरताना तो चालू ठेवावा की बंद?

निपाणीचा पशुवैद्य

चालू ठेवावा. छताचा पंखा हवा खोलीतच घुसळतो म्हणून तो बंद. एक्झॉस्ट ती बाहेर ओढतो म्हणून चालू. मात्र तो टेबलाच्या पलीकडच्या भिंतीत असावा, म्हणजे हवा तुमच्याकडून औषधाकडे आणि तिथून बाहेर जाईल. भरणाऱ्याच्या पाठीमागे असेल, तर टेबलाची जागा बदला. आणि तो बोळात उघडतो तिथे कुणी बसत-उठत नाही ना, शेजाऱ्यांची खिडकी नाही ना, ते एकदा मागे जाऊन पाहून या.

टिळकवाडीची सहायक

पाहून आले. पंख्याखाली भाजीवाल्या अक्का दुपारी डबा खायला बसतात. गुरुवारी तेवढा वेळ त्यांना पुढच्या पायरीवर बसायला सांगितले आहे, आणि पंखा वरच्या बाजूला नळीने छतापर्यंत नेण्यासाठी डॉक्टरांनी उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावले आहे.